आत्याची नथ आणि माझे आडवे पडणे

मुलुंड (पूर्व),
दि. १० मार्च १९८५

तीर्थस्वरूप जयंतीआत्यास,

मृणालिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. (हा शब्द आजवर मी पत्राच्या माथ्यावर केवळ रीत म्हणून लिहीत आले. गेल्या महिनाभरात आठही अंगे जमिनीला टेकण्याचा योग मला वारंवार आला, त्यामुळे आज तो अनुभवाने लिहिते आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू ‘बरा आहे’ एवढेच लिहिलेस, आणि आपल्या घराण्यात ‘बरा आहे’ याचा अर्थ ‘विचारू नका’ असा असतो, हे मी बाबांवरून जाणते. शेकतेस ना नियमाने? बडोद्याला पहाटेचा गारवा अजून असेल, तेव्हा फरशीवर अनवाणी फिरू नकोस. इकडे बाबांचा खोकला गेला आहे (त्यांच्या मते काढा घेऊन, आईच्या मते काढा खिडकीतल्या कुंडीत ओतणे बंद करून). आईची प्रकृती उत्तम आहे, पण मन स्वस्थ नाही, आणि त्याला कारण मी आहे. तेच सविस्तर कळवण्यासाठी हे पत्र लिहायला घेतले. एकदा लिहून फाडले. आता भाषा थोडी जड झाली असेल तर समजून घे. लाजिरवाण्या गोष्टी मला जड भाषेतच लिहिता येतात.

आतोबा गेले त्या दिवसापासून तुझी नथ डबीत आहे. दिवाळीच्या पत्रात तू लिहिलेस, की ती मृणालला द्यायची, मात्र तिला चाप बसवायचा नाही. कारण चाप बसवायचा तर सोनार मूळची तार तोडतो, आणि ती तार तुझ्या सासऱ्यांनी सोनाराच्या शेजारी बसून वळवून घेतली होती. पुढे लिहिलेस, ‘लग्नाच्या दिवशी तुझ्या नाकात ती एकदा बघितली की मला पुरे.’ आत्या, मे महिन्याच्या सुट्टीत तू मला मांडीवर घेऊन गोष्टी वाचून दाखवायचीस, तेव्हा माझे लक्ष गोष्टीत कमी आणि तुझ्या नथेत अधिक असायचे. तू पान उलटलेस की मोती हलत. वैशाखात मी बोहल्यावर उभी राहीन तेव्हा माझ्या नाकात तीच नथ असावी, तार न तुटलेली, ही एकच गोष्ट मला या लग्नात स्वतःसाठी हवी आहे. (बाकी सगळे, म्हणजे कार्यालय, आचारी, पंगतीला जिलबी की बुंदी, हे मी इतरांवर सोपवले आहे. इतरांनी ते मी सोपवण्यापूर्वीच घेतले होते, ही गोष्ट वेगळी.)

अडचण अशी, की नथेला भोक लागते आणि माझ्या नाकाला ते नव्हते. लहानपणी मला बारा महिने सर्दी, म्हणून नाक टोचणे लांबणीवर पडले. पुढे एकामागून एक परीक्षा आल्या, आणि गुणवत्ता यादीत नाव यायची शक्यता असलेल्या मुलीच्या नाकाला हात लावायचे धैर्य घरात कोणाला झाले नाही. कान बारशालाच टोचले होते. पण तेव्हा मी शुद्धीवर होते की नाही, हे आज कोणालाच आठवत नाही.

आईने दिवस निवडला तो संकष्टीचा. गणपतीच्या दिवशी काम निर्विघ्न होते, हा तिचा विचार. आपण सकाळपासून कपभर चहावर आहोत, हा विचार करणे माझे काम होते, ते मी केले नाही. स्टेशनच्या रस्त्यावर अनंतशेठ सोनारांचे दुकान आहे, तेथे गेलो. बरोबर शेजारच्या सुगंधाकाकू होत्या. (या कुडाळकडच्या, त्यांचे यजमान विक्रोळीला कारखान्यात आहेत. आमच्या इमारतीत कोणाचेही काहीही असले तरी काकू बरोबर असतात, आणि त्या नसत्या तर आपले काय झाले असते, हे नंतर त्याच आपल्याला सांगतात.) वाटेत त्यांनी मला धीर दिला. त्यांचे नाक कुडाळच्या बाजारात टोचले तेव्हा म्हणे त्या चिंच चघळत होत्या, आणि टोचून होईपर्यंत तीच चिंच चालू होती.

अनंतशेठांनी मला समोर दुकानाच्या गादीवर बसवले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्या डाव्या नाकपुडीवर निळ्या शाईच्या पेनाने एक ठिपका काढला. तत्क्षणी माझ्या कानात पिठाची गिरणी सुरू झाली. तळहात ओले झाले. दुकानातले पिवळे दिवे आणखी पिवळे झाले, मग करडे झाले, आणि पुढचा भाग मला आईकडून समजला. आई म्हणते, मी अतिशय सावकाश, कोणाला धक्का न लावता, शाळेत घंटा झाल्यावर वही मिटावी तशी मिटत गेले.

शुद्ध येता येता पहिला आवाज ऐकू आला तो अनंतशेठांचा. दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते वेगवेगळे सांगत होते, “मी अजून टोचलंच नाही हो. नुसता ठिपका काढलाय.”

आता या हकिकतीतला मुख्य मुद्दा येतो, तो नीट वाच. मी गादीवर आडवी होते तोपर्यंत मला चांगले वाटू लागले होते. गिरणी थांबली होती. छताचा पंखा ओळखता येत होता. परंतु तेवढ्यात काकूंचे लक्ष रस्त्याकडे गेले.

“अगो, तिका बसय आधी,” त्या आईला म्हणाल्या. “लगीन ठरलेला चेडू असा भर दुकानात आडवा पडलेला बरा दिसता?”

(चेडू म्हणजे त्यांच्याकडे मुलगी.) हे आईला तत्काळ पटले. दोघींनी मला बगलांत हात घालून उचलले, ताठ बसवले, पदर नीट केला, आणि मी पुन्हा गेले. मग त्यांनी अधिक घट्ट धरून अधिक ताठ बसवले. अधिक लवकर गेले. आत्या, माझ्या अब्रूसाठी मला बसवले जात होते, आणि अब्रू सावरली जाताक्षणी माझी शुद्ध हरपत होती. मध्यंतरी शेजारच्या भाजीवाल्याने फोडलेला कांदा दिला, तो माझ्या नाकाच्या इतका जवळ धरण्यात आला की ठिपक्याच्या जागी कांद्यानेच भोक पडते की काय, असे वाटले. एका सद्गृहस्थांनी पायातली चप्पल काढून पुढे केली. त्यावर आई, जी रस्त्यात कधी मोठ्याने बोलत नाही, ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चप्पल फिट येणाऱ्याला हुंगवतात. आमच्या मुलीला फिट येत नाही.” तोपर्यंत फिटचे नाव कोणी काढले नव्हते. त्यानंतर सगळ्यांनी काढले.

घरी आलो. अनंतशेठांची शाई उत्तम प्रतीची निघाली. डाळीच्या पिठाने, लिंबाने, रॉकेलच्या बोळ्यानेही तो ठिपका गेला नाही, आणि तो घेऊनच मला आठवडाभर कलिन्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसावे लागले. मान खाली घालून वाचायची माझी सवय मला एवढी कधी उपयोगी पडली नव्हती.

दुसऱ्या खेपेस अनंतशेठ घरी आले. (फार सज्जन मनुष्य आहेत. जिना चढून आल्यावर त्यांनी आधी स्वतःच पाणी मागितले.) या वेळी माझ्या पोटात शिऱ्याच्या दोन वाट्या होत्या. मन दुसरीकडे गुंतवावे म्हणजे चक्कर येत नाही, असे मी एका मासिकात वाचले होते, म्हणून मी मनातल्या मनात मूलद्रव्ये क्रमाने म्हणायला सुरुवात केली. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, असे करत सोडियमपर्यंत सुरळीत आले. मॅग्नेशियमला अनंतशेठांनी पेन काढले. पुढचे मूलद्रव्य मला आठवले ते सुगंधाकाकूंच्या मांडीवर. “अॅल्युमिनियम,” असे मी म्हणाले म्हणे, आणि काकूंनी आईला सांगितले, “चेडू भांडी मागता.” पुन्हा मला भिंतीला टेकवून बसवण्यात आले आणि पुन्हा तेच झाले. अनंतशेठांनी सोन्याची तार पुडीत गुंडाळली. म्हणाले, “वहिनी, दोष माझ्या हाताला लागतोय. चाप बसवून घ्या. आजकाल सगळ्या मुली चापाचीच घालतात.”

आईने संध्याकाळी आंतर्देशीय पत्र आणले. नथ चाप बसवायला पाठवून दे, असे ती तुला लिहिणार होती.  मी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला बोलावे लागत नाही, तिच्याविषयी इतरच बोलतात. पण ते निळे पत्र टेबलावर कोरे पडलेले पाहून मला तुझ्या डबीतली तार दिसू लागली. आईला म्हणाले, आठ दिवस थांब. ती म्हणाली, “आठ दिवसांत तुझं रक्त बदलणार आहे का?” पण थांबली.

तोवर आईला दुसरीच काळजी लागली. बोरिवलीच्या मंडळींच्या, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासरच्यांच्या, कानावर हे भलतेच रूप घेऊन गेले तर? म्हणून आपण होऊन आधीच सांगावे, असे ठरले आणि या कामगिरीवर बाबांची नेमणूक झाली. तुझ्या भावाला तू ओळखतेस. ते दीड तास प्रवास करून बोरिवलीला गेले, चहा घेतला, “मुलीला चक्कर येते,” एवढे सांगितले, कपबशी खाली ठेवली आणि परत आले. आईने विचारले, “मग ते काय म्हणाले?” बाबा म्हणाले, “काही नाही. मी निघालोच होतो.”

त्यानंतरच्या रविवारी नंदकिशोर आले. (तुझी त्यांची गाठ अजून पडलेली नाही. बँकेत आहेत, उंच आहेत, आणि बोलण्याच्या बाबतीत माझ्याहून फार पुढे नाहीत. साखरपुड्यापासून आमचे जे बोलणे झाले ते एका पोस्टकार्डावर मावेल.) आईचा चेहरा पांढरा पडला. आता हे लग्न मोडायलाच आले, अशी खात्री होऊन तिने कांदेपोहे करायला घेतले. बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले. आम्ही दोघे बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसलो आणि बराच वेळ घड्याळ ऐकत होतो.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “कधी येते? टोचायच्या आधी की नंतर?”

मी म्हटले, “आधी.”

“माझीही आधीच येते,” ते म्हणाले.

हकिकत अशी, की त्यांच्या बँकेत रक्तदान शिबिर भरले होते. पुढाकार त्यांचाच होता, फलकही त्यांनीच रंगवला होता, आणि रांगेत पहिले उभेही तेच होते. पुढच्या टेबलावर सुई दिसली, तेव्हा ते स्वतःच रंगवलेल्या फलकासकट खाली आले. तेथील डॉक्टरांनी त्यांना समजावले, की यात भित्रेपणा काही नाही. सुई पाहून काहींच्या अंगातले रक्त खाली पायांत उतरते, डोक्याला कमी पडते, आणि डोके मग स्वतःच जमिनीवर येऊन ते मिळवते. म्हणून अशा माणसाने आधीच आडवे व्हावे, पाय उंच ठेवावेत, आणि गिरणीचा आवाज येऊ लागला (त्यांनाही गिरणीच ऐकू येते, आत्या) की मुठी आवळून पायांचे आणि पोटाचे स्नायू ताठ करावेत, सोडावेत, पुन्हा ताठ करावेत. वर्षभराने ते त्याच शिबिरात पाय उशांवर ठेवून रक्त देऊन आले. “फक्त कोणी उठवायला आलं तर ऐकायचं नाही,” ते म्हणाले. “लोक मायेने उठवतात. तेच वाईट.”

मग त्यांनी मुठी आवळून, दात दाबून ते करून दाखवले, आणि मी करते आहे ते बरोबर की चूक, हे सांगू लागले. नेमकी त्याच वेळी आई पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिला काय दिसले असेल त्याची कल्पना कर. होणारा जावई आणि मुलगी, दोघेही लालबुंद, मुठी आवळलेले, एकमेकांकडे रोखून बघत बसलेले. बशा हातात तशाच धरून ती म्हणाली, “अहो, जे काय असेल ते बोलून मिटवा. मारामारी कशाला?” मला हसू फुटले. त्यांनाही फुटले. आम्ही दोघे एकत्र हसण्याची ती पहिली वेळ. पोहे गार झाले होते, तरी त्यांनी दोनदा घेतले.

तेव्हा तिसरी खेप. पुन्हा दुकान, पुन्हा आई, पुन्हा काकू. जेवून गेले होते. अनंतशेठ मला पाहून उठून उभेच राहिले. मला वाटते, पळायच्या बेतात असावेत. आणि मग मला ते वाक्य म्हणावे लागले, जे मी चार दिवस मनात घोकत होते. आत्या, मूलद्रव्ये सांगणे सोपे असते. चार माणसांत, दुकानात, लग्न ठरलेल्या मुलीने असे काही म्हणणे तसे नसते. पण म्हणाले.

“मला आडवं पडायचंय. पाय वर करून. टोचून झाल्यावरही मी सांगेपर्यंत मला कोणी बसवायचं नाही.”

 मग काकू म्हणाल्या, “पाय वर? दुकानात?” मी म्हटले, हो, दुकानात. आईने माझ्याकडे असे पाहिले की जणू ही मुलगी आपण कोणा दुसऱ्याच घरून आणली आहे.

अनंतशेठ आडवे पडू द्यायला तयार झाले, परंतु पायांचा प्रश्न उभा राहिला. नेहमीच्या बाजूने निजावे तर पाय तिजोरीकडे, आणि तिजोरीवर लक्ष्मी. “तिकडे नको ताई, बाराही महिने धंदा करायचाय.” उजवीकडे वळवले, तर तेथे तराजू, तोही त्यांच्या दृष्टीने देवच. डावीकडे त्यांच्या दिवंगत वडिलांची हार घातलेली तसबीर. अशी मी गादीवर होकायंत्राच्या काट्यासारखी फिरत गेले, आणि शेवटी पाय करायला एकच दिशा निर्दोष उरली, ती म्हणजे दार आणि त्यापुढचा स्टेशनचा रस्ता. पायांखाली दोन लोड ठेवले. आईने माझ्या पायांवर शाल टाकली. आणि सुगंधाकाकू, ज्यांच्यामुळे मी इतक्या वेळा बसती झाले होते, त्या दारात पदर खोचून आडव्या उभ्या राहिल्या. बघायला थांबणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा आवाज ऐकू येत होता, “काय बगतास? चेडवाचा नाक टोचतत. जावा आपल्या वाटेन.” माझी अब्रू त्या दिवशीही त्यांनीच राखली, फक्त या वेळी माझ्या सोयीने.

अनंतशेठ माझ्या डोक्याशी बसले. मी त्यांना बजावले, की ठिपका काढायचा नाही. माझे वाकडे आहे ते त्या ठिपक्याशीच. ते म्हणाले, “नको तर नको. आयुष्य गेलं ताई यात, हाताला जागा माहीत आहे.” गिरणी सुरू झाली. मी मुठी आवळल्या, पाय ताठ केले, सोडले, पुन्हा ताठ केले. गिरणी जवळ आली, उंबऱ्यापर्यंत आली, आणि तेथेच घोटाळत राहिली. मग काकडी मोडावी तसा एक बारीक आवाज नाकातच झाला, दोन्ही डोळ्यांतून पाणी आले, आणि अनंतशेठ म्हणाले, “झालं.” मी शुद्धीवर होते. पंखा दिसत होता, पंख्याची पातीही दिसत होती. आई माझा हात धरून, डोळे घट्ट मिटून अथर्वशीर्ष म्हणत होती. झाले हे तिला सांगायला कोणाला सुचलेच नाही, त्यामुळे ते तिने फलश्रुतीसकट पूर्ण केले.

त्यानंतर मी चांगली पाच-सात मिनिटे तशीच पडून राहिले. कोणी बसवायला आले नाही. कोकमाचे सरबत प्यायले आणि स्वतःच्या पायांनी घरी चालत आले. तेव्हा आत्या, तुझ्या नथेची तार तुटणार नाही. आईने ते निळे पत्र वाण्याच्या यादीसाठी वापरले.

तुझ्या शेजारच्या बेनना माझी आठवण सांग, आणि गुडघ्याविषयी खरे काय ते लिही. लहान तोंडी फार लिहिले असेल, तर ते तोंड तूच लहानपणी वाचायला शिकवलेस, हे लक्षात घेऊन पोटात घाल.

तुझी,
मृणालिनी

ता. क. – एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. भोक उजव्या नाकपुडीत पडले आहे.

अनंतशेठांचा दोष नाही. आयुष्यभर ते गिऱ्हाइकाच्या समोर बसून आपल्या उजव्या हाताकडची नाकपुडी टोचत आले. त्या दिवशी डोक्याशी बसूनही हाताने आपली उजवीच बाजू धरली, आणि तेथून ती माझीही उजवीच निघाली. ठिपका असता तर कळले असते, पण ठिपका कोणी नाकारला ते वर आलेच आहे. आईचे डोळे मिटलेले होते आणि काकू रस्त्याकडे तोंड करून होत्या. घरी आल्यावर मी आरशात पाहिले, तर तार उजवीकडे दिसली. पण आरशात उजवे-डावे उलटते, तेव्हा प्रत्यक्षात ती डावीकडे असली पाहिजे, असा निष्कर्ष मी काढला आणि आईलाही समजावून दिला. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञानात पहिली आलेली मुलगी सांगते म्हटल्यावर तिने ते मानले. काकूंनी तर ते खालच्या मजल्यावरही समजावले. चार दिवस आमच्या जिन्यात कोणाला शंका आली नाही. पाचव्या दिवशी बाबांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “ताई डावीकडे घालायची.” आणि पेपर वर केला.

ता. क. २ – सुगंधाकाकूंचे म्हणणे, दोन्ही बाजूंना भोके असली म्हणून काय बिघडले, सोय आहे. त्यांच्या नात्यात एकीला आहेत आणि तिचे सगळे चांगले झाले. नंदकिशोर यांचे म्हणणे (हो, आता ते दर रविवारी येतात), आता सराव झालेलाच आहे. मीही डावी बाजू टोचून घ्यायला तयार आहे. पण एका अटीवर.

ता. क. ३ – खरे पत्र आता सुरू होते.

तू आईला वेगळे लिहिलेस, ते तिने मला दाखवले. तू आदल्या दिवशी येणार, मांडवात मागे बसणार, नथ बाबांच्या हाती देणार, आणि ती चढवायची कोणा सुवाशिणीने, असे तू लिहिले आहेस. आत्या, हे मला मान्य नाही. रामनवमी झाली की तू ये, आदल्या दिवशी नव्हे. डावे नाक मी तू आल्यावरच टोचून घेईन; डोक्याशी तू बसायचे, म्हणजे डावे कोणते हे सांगणारे कोणीतरी जवळ असेल. आणि लग्नाच्या दिवशी नथ तू चढवायचीस. तुझ्या हाताने, मांडवात, सगळ्यांसमोर. नाहीतर ती डबीतच राहू दे, मी रिकाम्या नाकाने उभी राहीन.

मी गुरुजींना विचारले. (मीच विचारले, बाबांना पाठवले नाही.) ते म्हणाले, नथ कोणी चढवावी याविषयी पोथीत काही असल्याचे मला तरी आठवत नाही, घरच्या बायकांना विचारा. म्हणून आईला विचारले. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. दुपारी मात्र तिने कपाटातून तुझ्यासाठी आणून ठेवलेले राखाडी पातळ काढले, दुकानात गेली, आणि ते बदलून डाळिंबी काठांचे घेऊन आली. दुकानदाराने सांगितले आहे, आता पुन्हा बदलून मिळणार नाही.